शनिवार-रविवारची मांडवा सफर : येणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, शनिवारी पहाटे साडेसहाला गेटवेच्या धक्क्यावर या. उशीर नको. ऊन चढलं की जमिनीवरून येणारा मतलई वारा पडतो आणि समुद्रावरून येणारा खारा वारा सुटेपर्यंत शिडं नुसती लोंबत राहतात. त्या दिवशी अष्टमी आहे, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी लहान आणि प्रवाहाची ओढ कमी; नवख्यांनी सुकाणू धरायला याहून चांगला दिवस नाही. बोट लहान, म्हणून चौघंच. लाइफ जॅकेट धक्क्यावरच चढवायचं, पट्टीचे पोहणारे असलात तरी. मोठ्या जहाजांच्या वाटेत अजिबात रेंगाळायचं नाही, त्यांना पटकन थांबता येत नाही. मुक्काम मांडव्याला. रविवारी वारा बरा असला तर खांदेरीचा १८६७ सालचा दीपस्तंभ समुद्रातूनच पाहून येऊ. टोपी, कपड्यांचा सुका जोड, भरपूर पिण्याचं पाणी आणा. नावं गुरुवारपर्यंत कळवा.