ब्लूबेल बघा, पण पायवाट सोडू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एप्रिल-मेमध्ये मुलांकडे किंवा सहल कंपनीबरोबर इंग्लंडला जाणारे अनेक मराठी लोक लंडन पाहून झाले की एखादा दिवस खेड्यापाड्यांकडे वळतात. त्याच सुमारास पर्यटन पुरवण्यांत निळ्या ब्लूबेल फुलांत बसलेल्या, लोळलेल्या माणसांची छायाचित्रे येतात. ती पाहून तसेच छायाचित्र काढण्याचा मोह होतो, आणि त्या रानाचे सर्वाधिक नुकसान त्यानेच होते, म्हणून हे पत्र.

ब्लूबेल कांद्यापासून उगवते. वर्षभराचे अन्न कांद्यात साठवायला तिच्या पानांना वसंतातले मोजके आठवडेच मिळतात. मेच्या मध्यावर डोक्यावरच्या झाडांची पालवी दाट झाली की खाली अंधार पडतो. ही पाने मऊ आणि रसाळ असतात. पाय पडला की देठ चिरडतो, पान पुन्हा उभे राहत नाही आणि त्या वर्षी कांदा उपाशी राहतो. फूल खुडल्याने झाडाचे होते त्याहून जास्त नुकसान पान तुडवल्याने होते. शिवाय चिकणमाती दबून घट्ट होते. बी रुजून पहिले फूल यायला साधारण पाच वर्षे लागतात, म्हणून दहा-बारा जणांनी अर्धा तास घालवलेला तुकडा पुढची कित्येक वर्षे बोडका दिसतो.

बघायला कुठे जावे? केंब्रिजच्या पश्चिमेला लाँगस्टो आणि लिटल ग्रॅन्स्डेन या गावांदरम्यान हेली वूड नावाचे सुमारे सव्वाशे एकरांचे रान आहे. इलीच्या बिशपच्या जमिनींची 1251 साली मोजदाद झाली, तिच्यात हे रान नावानिशी नोंदलेले आहे. 1962 पासून ते स्थानिक वन्यजीव न्यासाच्या ताब्यात आहे. इंग्लंडमध्ये 1600 सालापासून सलग रान असलेल्या जागेला ‘प्राचीन रान’ म्हणतात. जमिनीवरही त्याच्या खुणा दिसतात. रानाची हद्द सरळ नसते, नागमोडी जाते, आणि तिच्यावर मातीचा बांध व बाहेरच्या अंगाला चर असतो. आत वूड ॲनिमोनीची पांढरी फुले दिसतात. ही वनस्पती शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरते असे मानतात, त्यामुळे तिचा मोठा ताटवा दिसला तर ते रान जुनेच समजावे.

हेलीची खरी ओळख मात्र ऑक्सलिप. फिकट पिवळी, एका बाजूला माना झुकवलेली ही फुले इंग्लंडमध्ये केंब्रिजशायर, सफोक आणि एसेक्स यांच्या सांध्यावरच्या पट्ट्यात, पाणी धरून ठेवणाऱ्या जड चिकणमातीवर वाढतात. म्हणजे जिथे ऑक्सलिप तिथे चिखल असणारच.

आपल्याकडून गेलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट खटकते. आपल्या मनात जपलेले रान म्हणजे देवराई, जिथली काटकीही उचलायची नाही. आणि इथे आत शिरताच एकरा-दोन एकरांच्या पट्ट्यात सगळी झाडे बुडापासून तोडलेली! ही लाकूडचोरी नसून सातशे वर्षांहून जुनी रीत आहे. हेझलची झाडे हिवाळ्यात, पक्ष्यांची घरटी सुरू होण्याआधी, जमिनीपासून वीतभर किंवा त्याहूनही खाली तोडतात. पाणी साचून बुंधा कुजू नये म्हणून काप तिरका देतात. वसंतात बुंध्यातून डझनांनी फुटवे येतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात माणसाच्या उंचीला लागतात. सात ते दहा वर्षांनी पुन्हा तोड. मधले ओक मात्र तुळयांसाठी राखलेले असतात. राबासाठी ऐनाचे टाळ तोडून झाडाला पुन्हा विसावा देणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. हेझलच्या काठ्यांचे तिकडे काय करत, हेही त्याला ओळखीचे वाटेल. त्या विणून वर माती, शेण आणि गवताचा गिलावा देत. आपला कारवीचा कूडच तो!

या तोडीमुळेच फुले टिकली आहेत. पट्टा मोकळा झाला की जमिनीवर ऊन पोहोचते. पहिल्या वसंतात फारसे काही दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात ताटवे ऐन भरात येतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फुटव्यांची सावली दाटते. म्हणून जाताना दोन-तीन वर्षांपूर्वी तोडलेला पट्टा विचारून घ्यावा. बुंधेही तोडीने मरत नाहीत, त्यांचे आयुष्य वाढते. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वूड्स या रानातल्या ॲश जातीच्या एका झाडाच्या बुंध्याचा घेर वर्षानुवर्षे तोडीमुळे पसरत गेला, त्याचा व्यास साडेपाच मीटरच्या वर आहे आणि वय किमान हजार वर्षे धरतात.

हे गणित बिघडते ते हरणांमुळे. मंटजॅक हे आपल्या भेकराचे चीनमधले जवळचे भाऊबंद. विसाव्या शतकाच्या तोंडावर ते इंग्लंडमधल्या वोबर्न या जहागिरीच्या बागेत आणले गेले आणि तिथून सुटून पसरले. त्यांना खाणारा प्राणी इंग्लंडमध्ये उरलेला नाही. मंटजॅक आणि मोठे फॅलो हरीण कोवळे फुटवे व ऑक्सलिपची फुले खातात. फुटवे सलग दोन-तीन वर्षे खाल्ले गेले की बुंधा मरतो. म्हणून तोडलेल्या पट्ट्याभोवती उंच जाळी लावतात किंवा फांद्यांची आडवी कुंपणे रचतात. जाळीचे फाटक उघडे टाकले तर एका रात्रीत वर्षभराचे काम जाते. फाटक बंद होते तर बंद करूनच पुढे जावे.

आता चिखल. डबके दिसले की माणूस कडेने जातो. त्याच्या मागचा आणखी कडेने. महिन्याभरात तीन फुटांची वाट बारा फुटांची होते आणि दोन्हीकडची फुले चिखलात जातात. गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट घालून डबक्याच्या मधूनच चालावे. साधे स्पोर्ट शूज घालून गेलात तर पाय आपोआप कडेकडे जातील. एका रानातून दुसऱ्या रानात जाण्याआधी तळव्यांचा चिखल ब्रशने काढावा, त्यातून झाडांचे रोग पसरतात. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आढळलेल्या ॲश डायबॅक या बुरशीच्या रोगाचे बीजाणू मुख्यतः वाऱ्याने जातात, पण त्याने वाळलेल्या ॲशच्या फांद्या ठिसूळ होऊन तुटतात. वारा असेल तर त्यांच्याखाली डबा उघडून बसू नये.

वेळेचे म्हणाल तर ॲनिमोनी मार्चअखेर ते एप्रिल, ऑक्सलिप एप्रिल, ब्लूबेल एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. ॲनिमोनीची फुले उन्हातच उमलतात, ढगाळ दिवशी मिटलेलीच दिसतील. जूनमध्ये गेलात तर हिरवा काळोख आणि डास.

पाय झाकणारे कपडे घालून विजार मोज्यात खोचावी. गवतात गोचिड्या असतात आणि त्यांतल्या काहींमुळे लाइम आजार होतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि लहान मुलांच्या केसांत शोधावे. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, पिळू नये, तेल लावू नये. पुढच्या काही आठवड्यांत पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवावे, भारतात परतल्यावर दिसला तर गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे. ब्लूबेलचे सर्व भाग विषारी आहेत, मुलांना तोंडात घालू देऊ नये. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतेही रानरोप मुळासकट उपटणे 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ‘एकच कांदा कुंडीसाठी’ हेही नको.

सहल कंपन्यांना विनंती की मोठी बस अशा रानाकडे नेऊ नये. हेलीला गाडी लावायला पाण्याच्या टाकीजवळ रस्त्याकडेला थोडीशीच जागा आहे आणि तिथून शेतकडेच्या वाटेने चालत जावे लागते. सहा-आठ जणांचा गट पुरे. आणि आपल्या पुरवणीत पुढल्या वर्षी ब्लूबेलचे छायाचित्र छापाल तेव्हा ते पायवाटेवर उभे राहून काढलेले निवडावे, ही आपल्यालाही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, केंब्रिजशायर