‘अँटी-माइट’ चादर नेमकी कुणाच्या नाकावर तपासली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत घरातल्या धुळीच्या अॅलर्जीवर लेख आला होता. परदेशात खास बांधलेल्या खोल्यांत माणसं बसवतात, त्यांना मोजून धूळ हुंगायला देतात आणि औषधांचा गुण पाहतात, असं त्यात एका ओळीत उरकलं होतं. माझं लक्ष त्या ओळीवरच अडलं, कारण त्याच आठवड्यात माझ्या दुकानात घडलेला प्रकार.

सोलापुरात माझं चादर-टॉवेलचं छोटं दुकान आहे. एक एजंट ‘अँटी-माइट, अॅलर्जीपासून मुक्ती’ असे चकचकीत स्टिकर घेऊन आला. चादरीवर कसलासा फवारा मारून घ्यायचा, वर स्टिकर डकवायचा, नगामागे जादा पैसे लावायचे. ‘तपासलंय कशावर?’ असं विचारल्यावर त्यानं मोबाइलवर एक कागद दाखवला. कापडाच्या तुकड्यावर माइट सोडले, काही दिवसांनी मोजले, बहुतेक मेलेले निघाले. एवढंच.

आता हा माइट म्हणजे कोण? गोचिडाच्या कुळातला आठ पायांचा जीव, मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागाएवढा. तो चावत नाही. आपल्या अंगाचा गळलेला कोंडा खातो आणि पाणी न पिता हवेतला ओलावा शोषून जगतो. म्हणून सोलापूरचं एप्रिल-मेचं वाळकं ऊन त्याला मानवत नाही. पण आपणच बंद खोलीत पाण्याचा कूलर लावून त्याची सोय करतो, आणि पावसाळ्यात तर कापसाच्या गादीत त्याची चैनच असते. धुळीच्या अॅलर्जीमागे हा जीव आहे, हे हॉलंडमधल्या संशोधकांनी १९६४ साली दाखवलं. पुढे कळलं ते महत्त्वाचं: नाकाला झोंबतात ती मुख्यतः त्याच्या लेंडीतली प्रथिनं. माइट मेला तरी लेंडी गादीतच राहते, आणि त्याचं मेलेलं अंगही त्रास देतं. थोडक्यात, एजंटाच्या कागदानं ‘माइट मेला का?’ याचं उत्तर दिलं. माझं गिऱ्हाईक विचारतं, ‘शिंका थांबतील का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायलाच त्या खोल्या असतात. व्हिएन्ना, जर्मनीतलं हॅनोव्हर, कॅनडातलं किंग्स्टन इथल्या खोल्यांचं नाव आहे. तापमान आणि आर्द्रता ठरलेली, हवेतले कण यंत्रानं सतत मोजले जातात. माणसाच्या कपड्यांवरून बाहेरची धूळ येऊ नये म्हणून अंगभर झगा. मग काही तास नुसतं बसायचं आणि ठरावीक वेळानं आपलं आपणच लिहायचं: नाक वाहतंय का, चोंदलंय का, खाज, शिंका. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बाजूला डॉक्टर असतोच. तुलनेसाठी कधी हवा निव्वळ स्वच्छ सोडतात, कधी गोळी खोटी देतात, आणि बसणाऱ्याला ते ठाऊक नसतं. हे न सांगणंच मला सगळ्यात पटलं. ‘धूळ आहे’ म्हटल्याबरोबर नाक चोळायला लागणारी माणसं माझ्या घरातच आहेत.

फुलांच्या परागापेक्षा माइटचं प्रकरण या खोलीतही अवघड जातं. लेंडीचा कण त्या मानानं जड, हवेत फार वेळ टिकत नाही, थोड्या वेळात खाली बसतो. त्यामुळे तो सारखा उडता ठेवावा लागतो. माझी बायको सकाळी गॅलरीच्या दारात चादर झटकते तेव्हा उन्हाच्या तिरिपेत हजारो कण चमकतात आणि तिला ओळीनं आठ-दहा शिंका येतात. पण त्या चमचमाटात बहुतेक सुताचे तंतू असतात. माइटचं किती, तिच्या नाकात किती गेलं, कालच्यापेक्षा आज जास्त का, हे घरात बसून कुणाला सांगता येणार? पाव्हणे आले, गादी हलवली, पाऊस पडला, की हिशेब बदलला.

व्हिएन्नाच्या खोलीत जिभेखाली ठेवायची माइटची गोळी (माइटच्याच अंशाची, शरीराला त्याची हळूहळू सवय लावणारी) अशीच तपासली. १२४ जण होते. २४ आठवड्यांनी, मोठा डोस घेणाऱ्यांचा नाकाचा त्रास खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्मा भरला. याउलट गादीच्या घट्ट विणीच्या खोळींचं पाहा. ब्रिटनमध्ये दम्याच्या ११२२ प्रौढांवर प्रयोग झाला, त्याचा निकाल २००३ मध्ये आला: नुसत्या खोळीनं फरक पडला नाही. पुढे माइटची अॅलर्जी असलेल्या लहान मुलांत मात्र दम्याच्या झटक्यानं दवाखान्यात धावावं लागण्याचं प्रमाण खोळींनी कमी झालेलं दिसलं. म्हणजे ज्या खोळीत लेंडीसुद्धा अडते, तिचीसुद्धा ही गत. मग माझी चादर नुसत्या फवाऱ्यावर कसली मुक्ती देणार?

नातवाचंही सांगतो. सारखी सर्दी म्हणून एका लॅबमध्ये भल्यामोठ्या यादीची रक्ततपासणी केली. रिपोर्टात माइट आलं आणि शेंगदाणाही आला. सुनेनं त्याच दिवशी शेंगाचटणी बंद केली. सोलापुरातलं पोर, दात आल्यापासून कडक भाकरी-चटणीवर वाढलेलं, कधी ओठ सुजला नाही की गांधी उठली नाही! नंतर अॅलर्जीच्या डॉक्टरांनी समजावलं, की रक्तात निघालं म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढाच अर्थ. खाऊन त्रास होतो का हे वेगळं, आणि ते त्यांच्या देखरेखीखालीच ठरवायचं. घरी असले प्रयोग नकोत, हेही त्यांनी बजावलं. त्यांनी हातावर पेनानं खुणा करून, थेंब ठेवून बारीक टोचलं. पंधरा मिनिटांत माइटच्या खुणेवर डासाच्या चाव्यासारखी गांध उठली. शेंगदाण्याची खूण सपाट. पोरगं घड्याळ बघत ‘आता चटणी?’ म्हणून विचारत होतं.

अशी खोली म्हणजे काही घर नव्हे, हे मलाही कळतं. दम्याचा जोर असलेल्याला तिथं बसवत नाहीत, आणि काही तासांवरून वर्षभराच्या झोपेचा अंदाज बांधता येत नाही. आपल्या यंत्रमागवाल्यांनी असली खोली बांधावी, असंही माझं म्हणणं नाही. पण चादरीवर अॅलर्जीचं नाव छापायचं असेल तर काय तपासलं, माइट की माणूस, हे त्याच स्टिकरवर त्याच आकाराच्या अक्षरांत छापण्याची सक्ती व्हावी. आपल्या वृत्तपत्रानं हा विषय लावून धरावा, एवढी विनंती.

स्टिकर मी परत केले. एजंट जाताना म्हणाला, ‘शेजारच्यानं घेतलेत.’ घेतले असतील. मी विचारणाऱ्याला सांगतो, माइट मारायचे तर अंथरूण साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवा, धुण्यानं लेंडीही निघून जाते. त्यावर गिऱ्हाईक माझीच चादर उलटी करून धुण्याची सूचना वाचून दाखवतं: ‘थंड पाण्यात धुवावी, रंग जाण्याची शक्यता.’ त्याला काय उत्तर द्यावं ते अजून सुचलेलं नाही.

आपला,
एक चादर विक्रेता, सोलापूर