पहिली पंगत की दुसरी? आई-बाबांना बार्सिलोनाहून पत्र

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. तब्येत उत्तम, जेवण वेळेवर. आई, फोटो बघून "वाळलास" म्हणू नकोस. युनिफॉर्म काळा आहे, काळ्यात माणूस बारीकच दिसतो. क्रू मेसमध्ये, म्हणजे आम्हा जहाजावर काम करणाऱ्यांच्या जेवणघरात, डाळ-भात रोज असतो, इथे भारतीय पोरं इतकी आहेत की तो ठेवावाच लागतो. बाकी रोजचं तुम्हाला माहीत आहे, ते लिहीत नाही.

तुम्ही दोघं आणि काका-काकू मी वेटर आहे त्या क्रूझ जहाजावर सात रात्रींसाठी येताय, हे पत्र तिथल्या तुमच्या जेवणाच्या टेबलासाठी. एजंटने पाठवलेल्या फॉर्मवर डायनिंगचा रकाना तुम्ही कोरा सोडलाय, "गेल्यावर बघू" म्हणून. दसऱ्यानंतर जहाजावर चढाल तेव्हा बघण्यासारखं काही उरलेलं नसेल. चांगल्या वेळा आणि छोटी टेबलं बुकिंगच्या वेळीच जातात. रकाना कोरा असला की कॉम्प्युटर जिथे जागा असेल तिथे ढकलतो, आणि जागा बहुतेक वेळा उशिराच्या पंगतीत आणि अनोळखी माणसांच्या टेबलावर असते.

मोठ्या हॉलमध्ये रात्री दोन पंगती बसतात. पहिली ६ वाजता, दुसरी ८:३० ला. जी घ्याल ती सातही रात्री तीच, टेबल तेच, वेटर आणि त्याचा असिस्टंटही तेच. तिसरा प्रकार सोयीच्या वेळेचा. त्यात ठरलेलं टेबल नसतं, कधीही जा, टेबल मोकळं होईपर्यंत दारात थांबा. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली या मोकळ्या पद्धतीचा गाजावाजा केला आणि मग हळूहळू बऱ्याच कंपन्यांनी ती पंगतीच्या जोडीला ठेवली. काकांच्या मित्राने सांगितलेलं, की हॉल रोज बदलतो आणि वेटर पाहुण्यांबरोबर फिरतात, तेही खरं आहे, पण ते डिस्नेच्या जहाजांवर. क्युनार्डच्या जहाजांवर तर कोणत्या दर्जाची खोली घेतली त्यावरून हॉल ठरतो. आमच्याकडे यातलं काही नाही. काकांना सांगा, मित्राचं ऐकून फॉर्म भरू नका.

माझं मत स्पष्ट आहे: ६ ची पंगत घ्या. "सहाला कोण जेवतं" हे बाबांचं म्हणणं फोनवर ऐकलं. पण घड्याळ मांडून बघा. ऑक्टोबरात स्पेन आपल्या साडेतीन तास मागे असतं. इथले ६ म्हणजे ठाण्यातले रात्रीचे ९:३०. इथले ८:३० म्हणजे तिथे मध्यरात्रीचे १२. बाबा, तुम्ही घरी ८:३० ला जेवता, म्हणजे इथल्या घड्याळात ५ वाजता. पहिले दोन-तीन दिवस पोट ठाण्याच्याच वेळेवर चालणार. शुगरची गोळी घेऊन मध्यरात्रीपर्यंत थांबायचं का, ते तुम्हीच सांगा. गोळीची वेळ कशी सरकवायची हे मात्र डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणा, ते मला विचारू नका. ५ वाजता वर बुफेमध्ये चहा-बिस्किट मिळतं, तेवढं घेऊन ६ ला खाली यायचं.

सहाच्या पंगतीची अडचण एकच, इटलीचे दिवस. जहाज रोमला जात नाही, चिविटावेक्कियाला लागतं. तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर, बसने जायलाच दीड तास. ला स्पेझियाहून फ्लॉरेन्स तर त्याहूनही लांब. परत येऊन, सिक्युरिटीच्या रांगेतून आत शिरून, हातपाय धुऊन ६ ला टेबलावर बसणं होत नाही, ओढाताण होते. त्या दोन दिवशी हॉल सोडा आणि बुफेत जेवा, कोणी रागावत नाही. आदल्या रात्री वेटरला "उद्या आम्ही नाही" एवढं सांगायचं. नेपल्सच्या दिवशी पॉम्पेईला गेलात तर ते २५ किलोमीटरवर आहे, दुपारी परतता येतं. पाल्मा आणि मार्सेलचं काही अडत नाही.

सोयीच्या वेळेचा प्रकार तुमच्यासाठी नको म्हणतो याचं कारण बाबांचा गुडघा आणि काकूचा चातुर्मास. सात-साडेसातला सगळ्यांनाच भूक लागते आणि रांग होते. वेळ राखून ठेवता येते, पण वेटर तोच मिळेल याची खात्री नसते. आणि काकूला वेटर तोच हवा. कांदा-लसूण टेबलावर बसल्यावर काढून देता येत नाही. हजारो माणसांचं जेवण असतं, ग्रेव्ही दुपारीच मोठ्या भांड्यांत तयार झालेली असते आणि कांदा तिच्या बुडाशी असतो. म्हणून हेड वेटर आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं मेनूकार्ड आणून दाखवतो. त्यातून निवडायचं, किंवा डाळ-भाजी-भात सांगायचं, म्हणजे ते वेगळ्या भांड्यात होतं. वेटर रोज नवा असला तर हे सगळं रोज पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि चौथ्या दिवशी काकू नुसता ब्रेड खाऊन उठेल, मला माहीत आहे. आई, तुझ्या कोमट पाण्याचंही तसंच. इथे न विचारता बर्फाचं पाणी ओततात. एकच वेटर असला की दुसऱ्या रात्रीपासून तुझ्यासमोर गरम पाण्याचा कप आधीच ठेवलेला असेल.

आता टेबल किती जणांचं. फॉर्मवर दोन, चार, सहा, आठ असे आकडे आहेत. चार लिहा. आठचं टेबल म्हणजे तुम्ही चौघं आणि समोर चार परके. परके म्हणजे खरोखर परके, ना गावचे ना ओळखीचे. ही माणसं पैसे भरून सुट्टीवर येतात आणि मुद्दाम मागून अनोळखी लोकांबरोबर बसतात, सातही रात्री. पहिल्या रात्री प्रत्येक जण उठून हात मिळवतो, पहिलं नाव सांगतो, गाव सांगतो. मग दिवसभर काय पाहिलं यावर बोलणं. हवा, बोट, आधीच्या बोटी, कुत्री-मांजरं, सगळं चालतं. पगार, वय, मुलं का नाहीत, लग्न का मोडलं हे चालत नाही, आणि काकू हे स्टार्टर यायच्या आधी विचारेल. सगळ्यांच्या पुढ्यात आल्याशिवाय कोणी घास घेत नाही. आपल्या ताटलीतलं उचलून दुसऱ्याला वाढायचं नाही. मध्येच उठायचं तर सांगून उठायचं. शेवटच्या रात्री पत्ते घेतात, नाताळला कार्ड पाठवतात, काही जण पुढच्या वर्षीची बोट एकत्र बुक करतात. त्यांना यात आनंद मिळतो आणि तो खोटा नसतो, एवढं मी सांगू शकतो. पण तुम्हाला आपापसात मराठीत बोलायचं असेल, बाबांना भात हाताने कालवायचा असेल, तर चौघांचंच टेबल बरं. हाताने खाल्लं म्हणून कोणी टोकत नाही, तुम्हीच संकोचाल. काकांना ओळखी करायच्या असतील तर त्यांनी सकाळी नाश्त्याला खालच्या हॉलमध्ये जावं. तिथे ठरलेली टेबलं नसतात, रिकाम्या खुर्चीवर कोणाबरोबरही बसवतात.

परक्यांच्या टेबलावर एक गोष्ट फार बिघडते, ती म्हणजे उशीर. किचन प्लेट माणसागणिक सोडत नाही, टेबलागणिक सोडतं. असिस्टंट वेटर अख्ख्या टेबलाची ऑर्डर घेऊन किचनच्या रांगेत उभा राहतो, झाकणं घातलेल्या प्लेटा एकावर एक रचून भला मोठा लांबट ट्रे खांद्यावर घेऊन येतो. एकाने ऑर्डर दिली नसेल तर बाकी सात थांबतात, नाहीतर त्या एकासाठी त्याला पुन्हा रांगेत जावं लागतं आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलाचं जेवण निवतं. साधारण पाव तासानंतर आलात तर पुढे जे चालू असेल तिथूनच सुरुवात. आणि पहिल्या पंगतीला शेवटी थोडी घाई होतेच. ८:३० च्या आत टेबलक्लॉथ, काटे-चमचे, ग्लास सगळं नव्याने मांडायचं असतं. पावणेआठला वेटर गोड काय हवं विचारायला लागला तर तो तुम्हाला हाकलत नाहीये. नाटक-गाण्याचे शोही पंगती बघूनच लावतात, पहिल्या पंगतीला जेवणानंतरचा शो मिळतो. बाबांना जमेल का जागणं ते बघा.

एजंटला करायला लावायची कामं सांगतो. तुमचा आणि काकांचा बुकिंग नंबर वेगळा आहे. ते दोन्ही जोडून घ्यायला सांगा, लिंक करा म्हटलं की त्याला कळेल. नुसतं जोडून भागत नाही, दोन्हींवर पंगतही एकच हवी. एकावर ६ आणि दुसऱ्यावर मोकळी वेळ असेल तर जोडलेलं असूनही टेबल वेगळी लागतात, ही गडबड नेहमी होते. काकूचं कांदा-लसूण वर्ज्य आणि बाबांची शुगर दोन्ही आत्ताच लेखी कळवा आणि कंपनीचं उत्तर आलं की मला त्याचा फोटो पाठवा. "सांगितलंय, होईल" हे त्याचं उत्तर चालणार नाही.

जहाजावर चढलात की कार्डवर किंवा ॲपमध्ये टेबल नंबर असतो. तो घेऊन दुपारीच हॉलमध्ये जाऊन टेबल डोळ्यांनी बघून या. चढण्याच्या दिवशी दुपारी हॉलच्या दारापाशी बदलासाठी टेबल मांडून माणूस बसलेला असतो. संध्याकाळी ६ ला वेटरशी हुज्जत घालून काही होत नाही, त्याच्या हातात काही नसतं. काय बघायचं? किचनचं दार आणि वेटरचं भांड्यांचं कपाट जवळ नको, सात रात्री काट्या-चमच्यांचा खणखणाट ऐकाल. आमचा हॉल जहाजाच्या मागच्या अंगाला आहे, तिथे कधीकधी थरथर जाणवते. खिडकीचं टेबल दिसायला छान, पण आईला ते नको. हॉलच्या मधलं, खालच्या मजल्यावरचं मागा, तिथे हलणं सगळ्यात कमी. समुद्र खवळतो का, तर हो, मार्सेलच्या बाजूला मिस्ट्राल वारा सुटला की थोडं हलतं. जहाजाला दोन्ही अंगांना पंख असतात, डोलणं कमी करायला. काळजी करण्यासारखं काही नाही, आलेपाक मात्र आणा. टेबल मिळालं नाही तर नाव वेटिंगला लावा, पहिल्या एक-दोन रात्रींत माणसं इकडची तिकडे होतात.

टिपची चिंता सोडा, ती रोजच्या हिशेबाने खात्यावर पडते आणि तुमची मी आधीच भरली आहे. पाकिटं वाटत फिरू नका. सातांपैकी एक-दोन रात्री नटून यायचं असतं. आईची पैठणी आणि बाबांचा एक ब्लेझर, झालं.

आणि माझ्या सेक्शनमधलं टेबल मागू नका. मागितलं तर देतीलही, पण माझ्याकडे दोन्ही पंगती असतात. तुमच्यासमोर ट्रे घेऊन धावताना तुम्ही जेवणार नाही, माझ्याकडेच बघत बसाल. तुमच्या टेबलावर बसून जेवायला मला परवानगी नाही. ते नियमाचं आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दुपारी सुट्टीच्या वेळात बंदरावर भेटू, पाल्माला मला तीनेक तास मिळतील.

आता घरचं. सायलीच्या साखरपुड्याला मी नसणार. तुळशीचं लग्न झाल्यावरची तारीख काढलीत, माझा कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरच्या मध्यापर्यंत आहे, मध्ये सोडून आलो तर तिकीट माझं आणि पुढच्या वेळची नेमणूकही लांबते. तिला मी स्वतः फोन करून सांगितलंय. ती "ठीक आहे दादा" म्हणाली, म्हणजे ठीक नाही. फेब्रुवारीत लग्नाला मी आठ दिवस आधी येतो आणि केळवणापासून सगळीकडे हजर राहतो, हे तिच्या सासरच्यांनाही सांगा.

बाबा, एफडी मोडू नका. मुदत संपायला थोडेच महिने आहेत, आत्ता मोडली तर व्याज कापतील. सायलीच्या कार्याच्या हॉलचे उरलेले ५०,००० मी ५ तारखेच्या पगारातून पाठवतो, पावती सायलीच्या नव्हे, तुमच्या नावाने घ्या. घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता या महिन्यापासून माझ्या खात्यातून जाईल, तुमच्या पेन्शनमधून जाणारा बँकेत जाऊन बंद करा. मागेच करायला हवं होतं.

खारघरच्या मुलीचं काकूने पुन्हा काढलंय. फोटो बघितला, चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण वर्षातले सात-आठ महिने मी समुद्रावर असतो, हे तिला आणि तिच्या घरच्यांना पहिल्या भेटीतच सांगा, पत्रिका बघायच्या आधी. काकू ते शेवटी सांगते. त्यावर त्यांचा होकार असेल तर डिसेंबरात मी भेटायला जाईन.

काका-काकूंना नमस्कार, सायलीला आशीर्वाद.

तुमचा,
अमोल

ता. क. एजंट "६ ची पंगत फुल्ल आहे" म्हणाला तर लगेच ८:३० ची घेऊ नका. ६ साठी वेटिंगला नाव लावा आणि तोवर मोकळ्या वेळेत ६:१५ राखून ठेवायला सांगा.