रविवारच्या मेकॅनो बैठकीची आठवण

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जुन्या मेकॅनोतून (पट्ट्या नट-बोल्टने जोडून वस्तू बनवायच्या खेळण्यातून) विजेची घंटा जोडायची आहे. १९०१ मध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने पेटंट घेतलेल्या या खेळण्याच्या पट्ट्या धातूच्या असतात. रंग उडाला असेल तिथून वीज भलतीकडे पळते, म्हणून पुठ्ठ्याचे किंवा फायबरचे वॉशर आणा. जोडणीसाठी पितळी भाग वापरा. मूळ हिरवा-लाल रंग खरवडू नका, हात जोडून विनंती! इनॅमल तारेची (वीज अडवणारा लेप दिलेल्या तांब्याच्या तारेची) टोकं मात्र पॉलिश पेपरने घासायलाच हवीत, नाहीतर घंटा मुकीच राहील. कॉइलच्या (या तारेच्या गुंडाळीच्या) आत साधा लोखंडी बोल्ट घाला, म्हणजे त्याचं चुंबक होईल; स्टेनलेसचा नको. तीन पेन्सिल सेल पुरतात. जुने ट्रान्सफॉर्मर पाहायला जरूर आणा, पण प्लगला लावायचे नाहीत.