रिकॉम्बिनंट पीटीपी-१बी एन्झाइमचा निष्क्रिय लॉट मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: मार्चमध्ये मिळालेल्या दोन कुप्या बदलून मिळण्याबाबत किंवा रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या विभागाने आपल्याकडून मागवलेल्या रिकॉम्बिनंट मानवी पीटीपी-१बी (उत्प्रेरक भाग, १ ते ३२१ अमिनो आम्ले) या एन्झाइमच्या ५० मायक्रोग्रॅमच्या दोन कुप्या ७ मार्च रोजी मिळाल्या. पेटी उघडली तेव्हा आत ड्राय आइस पुरेसा होता आणि कुप्या घट्ट गोठलेल्या होत्या, त्यामुळे वाहतुकीबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार कुपीतल्या मालाबद्दल आहे: हे एन्झाइम काम करत नाही.

पीटीपी-१बी इन्सुलिन रिसेप्टरच्या टायरोसिनवरचे फॉस्फेट काढून इन्सुलिनचा संदेश थोपवते, म्हणून वनस्पतींच्या अर्कांत त्याचे रोधक (काम थांबवणारे घटक) सापडतात का, हे आम्ही तपासत आहोत. अशा कामात एन्झाइमच मेलेले असेल तर प्रत्येक अर्क उत्तम रोधक ठरतो. आमच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला पहिल्या दिवशी नेमके तसेच वाटले. तिचा आनंद प्लेटमधल्या अर्क न घातलेल्या वेलचा (खळग्याचा) आकडा पाहीपर्यंत टिकला.

१२ मार्चला मी स्वतः चाचणी लावली. आपल्याकडूनच मागील वर्षी घेतलेल्या लॉटची एक कुपी शिल्लक होती, म्हणून जुना व नवा लॉट एकाच प्लेटमध्ये, एकाच बफरमध्ये, प्रत्येक वेलला ५० नॅनोग्रॅम याप्रमाणे ठेवला आणि पीएनपीपी (फॉस्फेट निघाले की पिवळा रंग देणारे रसायन) घालून दहा मिनिटांनी सोडियम हायड्रॉक्साइडने क्रिया थांबवली. जुन्या लॉटच्या वेल डोळ्यांना दिसतील इतक्या पिवळ्या झाल्या, नव्या लॉटच्या पाण्यासारख्या राहिल्या. ४०५ नॅनोमीटरवर जुन्याचे वाचन ०.५२, नव्याचे ०.०६ आणि एन्झाइम न घातलेल्या वेलचे ०.०५ आले. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मात्र नव्या लॉटची पट्टी ३७ किलोडाल्टनच्या आसपास, स्वच्छ आणि एकटी दिसते, म्हणजे कुपीत प्रथिन आहे.

आपल्या तांत्रिक विभागाने ईमेलवर आधी फॉस्फेट बफर वापरला का असे विचारले, मग भांड्यांत व्हॅनाडेट राहिले असेल असे सुचवले, कारण ही दोन्ही रसायने या एन्झाइमला रोखतात. आमचा बफर फॉस्फेट नसलेल्या हेपीसचा आहे, व्हॅनाडेट आम्ही त्या खोलीत ठेवतच नाही, आणि या दोन्ही चुका झाल्या असत्या तर त्याच प्लेटमधला जुना लॉटही दबला असता, एवढे तरी उत्तर देण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवे होते. तिसऱ्या ईमेलमध्ये ‘शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक असल्याने लॉट निकषांत बसतो’ असे कळवून विषय मिटवण्यात आला. शुद्धता आणि सक्रियता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आम्ही पैसे दुसरीसाठी मोजले आहेत.

दोष कुठे असावा याचा माझा अंदाज असा. या एन्झाइमचे काम २१५ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर चालते आणि त्याचे ऑक्सिडेशन झाले की एन्झाइम थंडावते. सुरुवातीच्या टप्प्यात ते डीटीटीने (ऑक्सिडेशन उलटवणाऱ्या रसायनाने) परत येऊ शकते, पुढे गेल्यास येत नाही. नवा लॉट १० मिलिमोलर डीटीटीमध्ये अर्धा तास ठेवल्यावर वाचन ०.११ पर्यंत चढले, म्हणजे जुन्या लॉटच्या तुलनेत जेमतेम १३ टक्के. त्यानंतर दोन्ही लॉटसोबत आलेली आपली दर्जा प्रमाणपत्रे शेजारी ठेवून वाचली, तेव्हा जुन्या प्रमाणपत्रातील साठवण बफरच्या घटकांत डीटीटी दिसले आणि नव्यात ते नाही. ही छपाईची चूक आहे की भरतानाची, हे आपणच सांगू शकता.

त्याहून गंभीर बाब प्रमाणपत्राच्या दुसऱ्या पानावर आहे. सक्रियतेच्या रकान्यात ‘प्रातिनिधिक’ असा शब्द असून सोबतच्या आलेखाखाली बारीक अक्षरांत वेगळाच लॉट क्रमांक छापला आहे. याचा अर्थ आमच्या हाती आलेल्या लॉटची सक्रियता मोजली गेली की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की या लॉटच्या सक्रियता चाचणीची मूळ नोंद, तारखेसह, पाठवावी. ती नसल्यास तसे लेखी कळवावे. आणि चाचणी झालेल्या दुसऱ्या लॉटच्या दोन कुप्या विनामूल्य द्याव्यात. ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. क्रेडिट नोट आम्हाला चालणार नाही, कारण ही खरेदी ३१ मार्चला संपणाऱ्या अनुदानातून झाली आहे आणि वापर प्रमाणपत्रात तिचा हिशेब मलाच द्यावा लागणार आहे. न उघडलेली दुसरी कुपी उणे ८० अंशांवर तशीच ठेवली आहे. ती तपासणीसाठी हवी असल्यास ड्राय आइससह नेण्याची व्यवस्था आपण करावी.

प्लेटची वाचने, जेलचे छायाचित्र आणि दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)
सहायक प्राध्यापिका, जीवरसायनशास्त्र विभाग, पुणे