पान सातवरच्या प्रश्नचिन्हाबद्दल : एक अनावृत आभारपत्र

आदरणीय बाईंस,

सादर नमस्कार.

आमची पुस्तिका गेल्या आठवड्यात छापून आली. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींना वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी वर्षभर सोबत करावी, या उपक्रमासाठी ती तयार केली आहे, हे आपण जाणताच. ऋणनिर्देशात आपले नाव नको, असे आपण बजावून सांगितले होते आणि ते मी पाळले. मात्र आभारच मानू नयेत असे आपण म्हणाला नव्हता, त्या पळवाटेचा फायदा घेऊन हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मसुद्याच्या सातव्या पानावर मी ‘मेंटॉर’ या शब्दाची ओळख करून देताना मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की, ग्रीक महाकवी होमरच्या ‘ओडिसी’त मेंटॉर नावाचा एक ज्ञानी वृद्ध गुरू असून त्याने राजपुत्र टेलेमाकसला लहानाचा मोठा केला आणि जगण्याची विद्या शिकवली. प्रशिक्षण वर्गांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकले होते की ते तपासावे असे मनातही आले नव्हते. आपण त्या वाक्यासमोर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले, खाली ‘कोणत्या सर्गात?’ एवढे दोनच शब्द लिहिले आणि मसुद्याबरोबर आपल्या संग्रहातली ‘ओडिसी’ची प्रत हाती दिली. उत्तर आपल्याला तोंडपाठ होते, हे मला नंतर कळले. त्या वेळी ते सांगितले नाहीत, यासाठी पहिले आभार.

तो सर्ग मला सापडला नाही, कारण तसा सर्गच नाही. ट्रॉयच्या युद्धावर निघताना टेलेमाकसचे वडील, इथाका बेटाचा राजा ओडिसियस, आपले घरदार मेंटॉर या मित्राच्या हवाली करून जातो, इतके खरे. परंतु वीस वर्षांनंतर कथा सुरू होते तेव्हा त्या घराची अवस्था अशी आहे की त्याची पत्नी पेनेलोपी हिच्याशी लग्न करू पाहणारे शंभराहून अधिक लोक तिथे ठाण मांडून राजाची गुरेढोरे फस्त करीत आहेत. खरा मेंटॉर महाकाव्यात भाषण करतो ते एकदाच, दुसऱ्या सर्गातल्या सभेत. तिथे तो मूग गिळून बसलेल्या इथाकावासीयांना खडसावतो, त्या मागणीदारांपैकी एक जण त्यालाच झिडकारतो आणि सभा मोडते. भला माणूस, पण त्याच्या हातून काही घडलेले नाही. सोपवलेले घर राखता न आलेल्या या गृहस्थाचे नाव पुढे विश्वासू मार्गदर्शकाला मिळावे, हे वाचताना मला हसू आवरले नाही.

मार्गदर्शन करते ती अथीना. सभेनंतर टेलेमाकस एकटाच समुद्रकिनारी जाऊन प्रार्थना करतो, तेव्हा ती देवी मेंटॉरचे रूप आणि मेंटॉरचाच आवाज घेऊन त्याच्यापुढे उभी राहते, त्याच्यासाठी जहाज आणि वल्हेकरी मिळवते आणि वडिलांचा ठावठिकाणा विचारण्यासाठी त्याला घेऊन पायलॉसला निघते. चौथ्या सर्गातली एक गंमत आपण मला मुद्दाम पुन्हा वाचायला लावलीत. जहाज उसने देणारा नोएमॉन गोंधळून म्हणतो की, मेंटॉरला जहाजात चढताना मी पाहिले आणि काल पहाटे तोच मेंटॉर मला इथे गावात दिसला. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच दोन मेंटॉर आहेत : एक गावात बसून राहिलेला आणि एक त्याच्या वेषात मुलासोबत निघालेला. बाईचे काम आणि पुरुषाचे नाव, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे, ही आपली मिश्कील टिप्पणी पुस्तिकेत घालण्याचे धाडस मात्र मला झाले नाही.

तिसऱ्या सर्गातल्या प्रसंगाबद्दल मी आपली विशेष ऋणी आहे, कारण पुस्तिकेचा सगळा सूर त्याने बदलला. पायलॉसच्या किनाऱ्यावर उतरल्यावर टेलेमाकसचे पाय अडखळतात. वृद्ध राजा नेस्टरसमोर जायचे कसे, बोलायला सुरुवात कशी करायची, मला तर अशा बोलण्याची सवय नाही, असे तो म्हणतो. अथीना त्याच्या वतीने बोलत नाही आणि वाक्येही पढवत नाही. काही तुझे तुलाच सुचेल, काही एखादा देव सुचवील, एवढेच सांगून ती पुढे चालू लागते. मुलगा बोलतो आणि चांगले बोलतो. त्याच दिवशी संध्याकाळी ती पक्ष्याचे रूप घेऊन उडून जाते व पुढचा स्पार्टापर्यंतचा प्रवास त्याला तिच्याविना करावा लागतो. आमच्या पहिल्या मसुद्यात सोबत करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘काय काय समजावून सांगावे’ याची तीन पाने होती. शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी नवख्या मुलीऐवजी आपणच बोलू नये, तिच्या शेजारी उभे राहावे, हे त्यांत कुठेही नव्हते. आता ते आहे आणि ती तीन पाने नाहीत.

मग आपण आज वापरतो तो अर्थ आला कुठून, हे विचारायला मी आले तेव्हा आपण फ्रान्सकडे बोट दाखवलेत. फेनेलाँ हे धर्मगुरू १६८९ पासून चौदाव्या लुईच्या नातवाचे शिक्षक होते आणि त्या राजपुत्रासाठी त्यांनी टेलेमाकसच्या प्रवासावर कादंबरी रचली. ती १६९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मेंटॉर पानोपानी आहे : युद्धखोरी, चैन आणि खुशामत यांपासून राजाने दूर राहावे, असे तो शिष्याला सतत बजावतो. तोही मिनर्व्हा देवीचाच, म्हणजे रोमन नावाच्या अथीनेचाच, वेष आहे, हे शेवटी उघड होते. चौदाव्या लुईला त्यात स्वतःवरची टीका दिसली आणि तो संतापला. ज्याच्यासाठी हे सारे लिहिले, तो राजपुत्र १७१२ मध्ये राजा होण्यापूर्वीच वारला. पुस्तक मात्र युरोपभर वाचले गेले आणि इंग्रजीत १७५० मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड मुलाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द सामान्यनामासारखा वापरतात. माझ्या वाक्यातला ‘ज्ञानी गुरू’ होमरचा नव्हता, फेनेलाँचा होता.

व्युत्पत्तीचा भाग तर आपल्या ओसरीवरच शिकले. मेंटॉर या नावाच्या मुळाशी ‘विचार करणे’ या अर्थाचा जो धातू मानतात, तोच आपल्या ‘मन्’ धातूचा भाऊबंद; संस्कृत ‘मन्तृ’, आपले मन, मनन, मंत्र आणि मंत्री त्याच कुळातले. ‘गुरू’ म्हणजे मुळात जड, वजनदार. लॅटिन ‘ग्राविस’ त्याचा नातलग आणि ‘गुरुत्वाकर्षणा’त तो अर्थ शाबूत आहे. ‘गु’ म्हणजे अंधार आणि ‘रु’ म्हणजे तो नाहीसा करणारा, ही गुरुपौर्णिमेच्या भाषणांतली फोड अद्वयतारक उपनिषदातली आहे, अर्थ म्हणून ती सुंदर आहे, पण शब्दाचा इतिहास म्हणून ती सांगू नये, हे आपण निक्षून सांगितलेत. ‘मेंटॉर’साठी मराठी शब्द शोधताना, एकोणीस वर्षांच्या मुलीवर असा जड शब्द लादू नका, या आपल्या सूचनेमुळे ‘गुरू’ गळला. ‘मार्गदर्शक’ हा शब्द मीच काढला, कारण तो ऐकताच मला दहावीची आयती उत्तरे आठवतात.

राहिला ‘वाटाड्या’. गडाच्या पायथ्याच्या गावातला माणूस पुढे चालतो, कुठे निसरडे आहे ते सांगतो आणि माथा दिसू लागला की मागे फिरतो. होमरच्या अथीनेला याहून जवळचा मराठी शब्द मला सुचला नाही. पण सोबत करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुली आहेत आणि त्यांना तो पुल्लिंगी शब्द पसंत पडला नाही. वाद मिटेना म्हणून कागदोपत्री ‘मेंटॉर’ हाच शब्द ठेवला, खाली अथीनेची गोष्ट दिली आणि नवी मुले काय म्हणतात ते पाहायचे ठरवले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ‘माझी ताई’ आणि ‘आमचा दादा’ म्हणायला सुरुवात केली.

पुस्तिकेच्या दोन प्रती घेऊन येत्या रविवारी येत आहे. आपली ‘ओडिसी’ही परत आणते, चौथ्या सर्गात आपण खुणेसाठी ठेवलेले एस.टी.चे जुने तिकीट होते तिथेच आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी