छत्री तीच, मग डबा का बदलायचा? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
नवी दिल्ली

विषय : डीटीएचची कंपनी बदलली तरी ग्राहकाचा सेट-टॉप बॉक्स चालू राहावा, याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका तालुक्यात मी डिश बसवण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. माझ्या दुकानाच्या माळ्यावर जुने डबे रचून ठेवले आहेत. भंगारवाला त्यांचे धड पैसे देत नाही आणि ग्राहक परत न्यायला येत नाहीत. त्यातले बरेचसे बिघडलेलेच नाहीत. वीज दिली की दिवा लागतो, वायर जोडली की सिग्नलही पकडतात. फक्त पडद्यावर कार्ड चालणार नसल्याचा निरोप येतो. डब्याचा गुन्हा एवढाच, की मालकाने कंपनी बदलली.

कंपनी बदलताना नेमके काय करावे लागते ते सांगतो, कारण हे प्रकरण तांत्रिकदृष्ट्या फार गुंतागुंतीचे आहे असे वर्षानुवर्षे ऐकवले जाते. मी छतावर चढतो. खांब तोच, छत्री तीच. उपग्रह विषुववृत्ताच्या वर, म्हणजे आपल्या दक्षिणेला आणि जरा पूर्वेला, त्यामुळे आमच्याकडच्या छत्र्या आग्नेयेकडे नाहीतर दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून असतात. ८३ अंश पूर्वेचा उपग्रह सोडून ९३.५ अंशांवरचा धरायचा असेल तर नट सैल करायचे, छत्री थोडी पूर्वेला फिरवायची, किंचित खाली झुकवायची आणि मीटरवर क्वालिटीचा आकडा चढला की नट आवळायचे. छत्रीसमोरचा एलएनबी बहुतेक वेळा तोच चालतो. १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झमधला केयू बँडचा सिग्नल तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर उतरवून वायरीतून घरात पाठवतो. वायरही तीच. डब्यात शिरणारा प्रवाह डीव्हीबी-एस किंवा डीव्हीबी-एस२ या खुल्या, जगभर चालणाऱ्या मानकांचा. म्हणजे ३६ हजार किलोमीटरवरून टीव्हीच्या मागच्या भिंतीपर्यंत सगळे सामाईक. शेवटच्या दोन फुटांत प्रत्येक कंपनीची स्वतःची सांकेतिक प्रणाली आडवी येते, आणि तेवढ्यापायी अख्खा डबा बाद.

मोबाइलच्या ग्राहकाला २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. त्याचा फोन तर आधीपासूनच त्याचा. नवे सिम घातले की झाले. मग टीव्हीवाल्या ग्राहकाने कोणाचे घोडे मारले आहे?

बरे, मी काही नवा कायदा मागत नाही. आपल्या देशात जुलै १९९७ मध्ये डीटीएचवर बंदी आली, ती नोव्हेंबर २००० मध्ये उठली आणि मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली. बंदी योग्य होती असे मी म्हणणार नाही, पण उशिराने एक गोष्ट साधली. इतरांच्या ठेचा आपल्यासमोर होत्या. ब्रिटनमध्ये १९८९ साली स्काय या कंपनीने उपग्रहावरून प्रसारण सुरू केले, १९९० साली बीएसबी या दुसऱ्या कंपनीने. दोघांचे उपग्रह वेगळे, छत्र्या वेगळ्या, सिग्नलची पद्धतही वेगळी. दोघेही तोट्यात बुडायला लागले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एकत्र आले. मग बीएसबीची चौकोनी छत्री हौसेने घेतलेल्या लोकांच्या भिंतीवर ती नुसती शोभेला उरली. आपल्याकडे असे होऊ नये याची तजवीज २००१ च्या परवान्यातच आहे: डबा खुल्या रचनेचा असावा, एकाच कंपनीच्या मालकीच्या तंत्राचा नसावा आणि वेगवेगळ्या डीटीएच कंपन्यांमध्ये चालावा. अट छान आहे. ती माझ्या ग्राहकाच्या घरात कधी पोचली नाही, एवढेच.

कशी अडली तेही सांगतो. डब्यात खाच ठेवायची, त्या खाचेत दुसऱ्या कंपनीचा कॅम, म्हणजे तिचे सांकेतिक कुलूप उघडणारा छोटा सुटा भाग, बसवायचा, अशी योजना होती. खाच असलेले डबे मी पाहिले आहेत. कॅम मागणारा ग्राहक मात्र रिकाम्या हाती परतायचा, आणि मिळायची शक्यता असली तरी तेवढ्या खर्चात नवा डबाच आला असता. त्यात दुसरी भानगड झाली. डिश टीव्ही २००३ मध्ये आणि टाटा स्काय २००६ मध्ये आली तेव्हा प्रसारण एमपेग-२ मध्ये, म्हणजे चित्र दाबून लहान करून पाठवण्याच्या जुन्या पद्धतीत, होते. २००७ मध्ये सन डायरेक्टने एमपेग-४ आणले, नंतरच्यांनीही तोच रस्ता धरला. एमपेग-४ मध्ये त्याच ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहावरच्या सिग्नल परत पाठवणाऱ्या यंत्रावर, जास्त वाहिन्या बसतात, त्यामुळे त्यांचे काही चुकले नाही. पण जुन्या डब्याला ते चित्र उलगडणारच नव्हते, खाच असो वा नसो.

कंपन्यांची बाजू खोटी आहे असे नाही. सुरुवातीला त्यांनी डबे पदरमोड करून स्वस्तात वाटले, आणि ग्राहक महिन्याभरात दुसरीकडे गेला असता तर ते पैसे बुडाले असते. उपग्रहांचाही तुटवडा होता. १० जुलै २००६ रोजी इन्सॅट-४सी उपग्रह घेऊन निघालेले इस्रोचे जीएसएलव्ही रॉकेट उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट झाले, तेव्हा डीटीएचसाठी मिळणारे १२ केयू बँड ट्रान्सपॉन्डर समुद्रात गेले. त्या काळात ग्राहक धरून ठेवण्याची धडपड समजू शकते. पण आज? मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये परवान्याची मुदत २० वर्षे केली, एकूण उत्पन्नाच्या १० टक्के असलेले शुल्क समायोजित उत्पन्नाच्या ८ टक्क्यांवर आणले. कंपन्यांच्या पदरात इतके टाकताना ग्राहकाची २००१ सालची अट तेवढी आठवायला हवी होती. ट्राय या दूरसंचार नियामकाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये डब्यांच्या अदलाबदलीबद्दल शिफारशी दिल्याच होत्या. यूएसबीच्या जागेत बसणारा छोटा कॅम वापरा, असा त्यात मार्गही दाखवला होता. अहवाल नीट वाचण्यासारखा आहे. त्यावर धूळ बसावी असे त्यात काही नाही.

इथे जरा विषयांतर करतो. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात इस्रोने नासाचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही दाखवला. 'साइट' म्हणून तो प्रयोग ओळखला जातो. महाराष्ट्र त्यात नव्हता याची मला आजही चुटपुट लागते. तीन मीटर व्यासाची ती अँटेना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. फोटोत पाहिली तरी धंद्यातला माणूस मान डोलावतो, कारण त्या लहरींना जाळीची भोके दिसतच नाहीत, पत्र्यासारखीच ती जाळी लहरी परतवते, आणि वारा मात्र आरपार जातो. असे घरच्या डोक्याने काम करणाऱ्या देशाला सगळीकडे चालणारा एक डबा जमत नाही, हे मला पटत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती अदलाबदलीहून सोपी आहे. आमच्या भागातली काही कुटुंबे ऊसतोडीला जातात. सहा महिने घर बंद, रिचार्ज बंद. परत आल्यावर हातात पैसे असतील तर पॅक मारतात, नसतील तर म्हणतात, "भाऊ, फ्री डिशवर करून द्या." फ्री डिश म्हणजे आपलीच दूरदर्शनची सेवा, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून ३३ वाहिन्यांनिशी सुरू झालेली. आज ती ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते आणि तिला महिन्याचे भाडे नाही. मी छत्री ९३.५ अंशांकडे फिरवून देऊ शकतो. पण घरातला डबा, ज्यात ते चित्र उलगडण्याचे सगळे सामान आहे, सॉफ्टवेअरने कंपनीपुरता बांधून टाकलेला असतो. विनाशुल्क वाहिन्याही तो दाखवत नाही. मग बाजारातून दुसरा डबा आणा, दुसरा रिमोट सांभाळा. मजुरी धरून हजार-दीड हजारांचा फटका, तोही रिचार्जला पैसे नव्हते म्हणून आलेल्या माणसाला. मजुरी मलाच मिळते, तरी सांगतो, हे बरोबर नाही.

यासाठी कॅम नको, खाच नको, नवे मानकही नको. कंपनीने उपग्रहावरून एक सॉफ्टवेअर अपडेट पाठवले की काम होते. तसली अपडेट त्या रात्री-अपरात्री पाठवतच असतात. डबा भाड्याचा असेल तर त्याची उरलेली रक्कम भरून घ्या, हरकत नाही. पण ज्याने डबा विकत घेतला आहे, किंवा ज्याचे पैसे केव्हाच फिटले आहेत, त्याचे रिचार्ज संपल्यावर डबा विनाशुल्क वाहिन्यांसाठी मोकळा व्हायलाच हवा.

कंपन्या म्हणतील, असे केले तर लोक परत येणारच नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. पैसे देणारे डीटीएच ग्राहक एके काळी सात कोटींच्या वर होते, ते आता सहा कोटींच्या खाली आले आहेत. शहरातले फायबरवर आणि मोबाइलवर गेले, त्यांना कोणी थांबवू शकत नाही. पण आमच्या वाड्यांवर फायबर नाही, केबल तर कधीच नव्हती. तिथला माणूस फ्री डिशचा डबा घेतो तेव्हा कंपनीचा डबा पोत्यात जातो, आणि पोत्यातल्या डब्यावर दिवाळीत कोणी पॅक मारत नाही. तोच डबा टीव्हीला जोडलेला राहिला तर निदान क्रिकेटच्या मोसमात तरी मारेल.

पावसाबद्दलही दोन ओळी. केयू बँडचा सिग्नल जोरदार सरीत विरतो. पूर्वी मुंग्या यायच्या, आता चित्राचे चौकोन होतात आणि पडदा रिकामा. घाटमाथ्यावर आणि कोकणात ६० सेंटीमीटरऐवजी ९० सेंटीमीटरची छत्री दिली तर हा त्रास बराच कमी होतो. आपल्या मंत्रालयाच्या बीआयएनडी या प्रसारण-विकास योजनेत दुर्गम, आदिवासी आणि सीमेवरच्या भागांत आठ लाखांहून जास्त फ्री डिश डबे मोफत देण्याचे ठरले होते. पुढच्या वाटपात जास्त पावसाच्या तालुक्यांसाठी छत्रीचे माप वेगळे ठेवावे.

शेवटी टीव्ही संचाबद्दल. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीचे मानक काढले, आयएस १८११२. छत्रीची वायर थेट टीव्हीला लावायची आणि विनाशुल्क वाहिन्या बघायच्या, डब्याची कटकटच नाही. पण मानक ऐच्छिक राहिले तर कारखानदार खर्च वाचवणार, हे उघड आहे. ते सक्तीचे करणे इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे येते याची मला कल्पना आहे. आपण त्यांच्याशी बोलावे, आणि त्याच ट्यूनरसोबत कॅमची जागाही सक्तीची करावी. म्हणजे ज्याला सशुल्क वाहिन्या हव्यात त्याने कंपनीचा कॅम घ्यावा आणि कंटाळा आला की दुसरीचा घ्यावा.

हे दोन-तीन वर्षांचे काम आहे. सॉफ्टवेअरची मागणी मात्र एका आदेशाची आहे. परवान्यातली अट तशीच जिवंत आहे, तिचा आधार घेऊन तारीख घालून आदेश काढावा. तो निघाला तर आमच्यासारख्या फिटरांपर्यंत मराठीतून पोचेल असेही बघावे, कारण ग्राहक पहिला फोन कंपनीला करत नाही, आम्हाला करतो.

कळावे,

आपला विश्वासू,
छत्र्या बसवणारा एक फिटर